परदेशी प्रतीसाठी

सहाशे बारा पानांची कादंबरी.
माझ्या टेबलावर आली तेव्हा चौतीस पाट्या उरल्या होत्या.
काळा पुठ्ठा, पांढरा रंग, बारीक कुंचला.
मी अक्षरं काढते. बोलणारे दुसरेच,
आणि तेही आवाजाशिवाय.

मूळ पुस्तकात रात्र सरायला अकरा पानं लागतात.
मी लिहिलं : सकाळ झाली. तो आला नव्हता.
फाद्देय कार्पोविच म्हणाले, ग्लाशा, अजून दोन शब्द काढ.
मी ‘सकाळ झाली’ काढलं.
तो आला नव्हता.
एवढ्यानं उजाडतंच की.

नोव्हेंबरात मॉस्कोचा उजेड म्हणजे उसनवारीचं पीठ.
काचेच्या छपराखाली सगळे त्याच्यामागे धावतात;
कॅमेऱ्यासमोर मात्र कुणीच धावायचं नाही.
“पत्र उघड. दहा मोज. मग मान वर.
आपल्या माणसांना दुःखात घाई खपत नाही.”
आग्निया मोजते. ओठ हलतात.
पडद्यावर बघणाऱ्यांना वाटतं, देवाचं नाव घेतेय.

शेवट तळ्यातला.
शहराबाहेर, बर्चच्या मागे. काठचा पातळ बर्फ काठीनं फोडून घेतला.
आग्निया तीनदा बुडाली.
पहिल्यांदा टोपी तरंगली नाही.
दुसऱ्यांदा मध्येच कुणाचं तरी कुत्रं पोहत आलं.
तिसऱ्यांदा जमलं.
घोड्याच्या घोंगडीत गुंडाळून तिला समोवारापाशी बसवलं,
दात वाजवत म्हणाली,
आत ऊब आहे गं ग्लाशा, थंडी बाहेरच आहे.

मग फाद्देय कार्पोविच म्हणाले, आता परदेशी प्रतीसाठी.
तिकडे मेलेली बाई चालत नाही,
तिकिटाच्या पैशात लग्न बसवावं लागतं.
तेच तळं, तीच टोपी, कपडे ओले होतेच.
तो धावत येतो
(परदेशी प्रतीत धावायची मुभा आहे),
तिला बाहेर ओढतो, ती त्याच्याकडे बघून काहीतरी म्हणते.
मी जवळच होते. ती म्हणाली, पाय तुडवलास, गाढवा.
मी पाटीवर लिहिलं : वेळेवर पोचलास.

गालिसियाहून पांक्रातचं पत्र नाही, सप्टेंबरपासून.
भाऊ माझा. बूट नेहमी उलटे घालायचा लहानपणी.
त्या रात्री दोन्ही पाट्या चुलीजवळ सुकत ठेवल्या.
इकडची : तळ्यानं काही विचारलं नाही.
तिकडची : वेळेवर पोचलास.
आधी कुठली सुकते ते बघत बसले.
एकच रंग, एकच पुठ्ठा.
बरोबरच सुकल्या.

इकडची प्रत गावोगाव फिरली, लोक मनसोक्त रडले.
तिकडचीचं पुढं काय झालं कळलं नाही.
नंतर कुणीतरी सांगितलं, परदेशात आपल्या पाट्या कापून टाकतात,
त्यांच्या भाषेतल्या चिकटवतात.
म्हणजे मी वाचवलेली बाई
माझ्या शब्दांशिवायच वाचली असेल.
कात्रीखाली पडलेली ती ओळ
झाडूवाल्यानं भरून नेली असेल.

तीन वर्षांनी हुकूम निघाला,
शब्दांच्या शेवटचं कठोर चिन्ह रद्द.
उच्चार नव्हताच त्याला.
शब्दाच्या दाराशी नुसतं उभं असायचं,
पाहुण्याचा कोट हातावर घेतलेल्या नोकरासारखं.
छापखान्यांतून त्याचे खिळे पोत्यांत भरून नेले म्हणे.
माझं काम हलकं झालं. पाटीमागे चार-पाच फटकारे कमी,
रंग वाचतो, डोळे वाचतात.
नव्या मुली पटापट लिहितात.

पांक्रातच्या नावात ते शेवटी होतं.
लिफाफ्यावर मी अजून काढते.
टपालातला माणूस बोट ठेवतो, बाई, हे आता लागत नाही.
मी मान वर करत नाही लगेच.
दहा मोजते.